कार्टूनला देह देताना

मुलांच्या कार्टूनमधली पात्रे खऱ्या नटांकडून वठवून घ्यायची आणि तो चित्रपट साऱ्या कुटुंबाला एकत्र दाखवायचा, हा हॉलिवूडचा धंदा गेल्या चार-साडेचार दशकांत रुजला. त्यातली मुख्य अडचण पहिल्यापासून एकच आहे. कार्टूनमधल्या शरीराला वजन नसते. ते कड्यावरून कोसळते, चपटे होते आणि पुढच्याच क्षणी पळू लागते. नटाला मात्र हाडे असतात. या अडचणीवर आधी लाकूड आणि रबर, मग यंत्र आणि शेवटी संगणक असे उपाय सापडत गेले. कोणते कार्टून पडद्यावर यायचे, हेही बरेचदा त्या त्या काळच्या तंत्रानेच ठरवले.

सुरुवातीचा मोठा प्रयोग ‘पॉपाय’चा, आणि तो घडला हक्क हुकल्यामुळे. पॅरामाउंट कंपनीला ‘ॲनी’ या गाजलेल्या संगीत नाटकाचे हक्क हवे होते. ते कोलंबियाने पटकावले. तेव्हा आपल्याच कपाटात कोणती चित्रपात्रे पडून आहेत, याचा शोध निर्माता रॉबर्ट इव्हान्सने घेतला आणि पालक खाऊन दंड फुगवणारा खलाशी हाती लागला. ई. सी. सीगरने १९२९ मध्ये वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत त्याला जन्म दिला होता. १९३३ पासून फ्लायशर बंधूंनी त्याची कार्टून केली आणि ती पॅरामाउंटने वितरित केली होती. दिग्दर्शनासाठी निवड झाली रॉबर्ट ऑल्टमनची. मुलांच्या चित्रपटाशी त्याचा तोवर काहीच संबंध नव्हता.

ऑल्टमनने कार्टूनचे जग अक्षरशः बांधून काढले. माल्टा बेटावरच्या अँकर बे या लहानशा खाडीकाठी १६५ कामगारांनी सात महिने खपून पॉपायचे आख्खे गाव उभे केले. त्यासाठी ओंडके हॉलंडहून आले, छपरांच्या लाकडी फळ्या कॅनडाहून. घरे मुद्दाम वाकडीतिकडी होती आणि त्यांत नट खरोखर चढत-उतरत होते. रॉबिन विल्यम्सची ही पहिली मोठी नायकाची भूमिका. त्याचे फुगीर हात रबराचे होते, आणि तोंडात पाइप धरून केलेले पुटपुटणे इतके अस्पष्ट निघाले की त्याचे संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. शेवटच्या प्रसंगातला यांत्रिक ऑक्टोपस धड हललाच नाही. डिसेंबर १९८० मध्ये लागलेल्या या चित्रपटाने खर्च भरून काढला, तरी पडेल चित्रपट असाच त्याचा लौकिक झाला. तो काहीसा अन्यायाचा आहे. पॉपायच्या प्रेयसीच्या, ऑलिव्ह ऑइलच्या भूमिकेतल्या शेली डुव्हालकडे पाहताना कार्टूनमधली रेष माणसाच्या अंगात कशी उतरते ते दिसते; पुढे कोट्यवधी डॉलर ओतूनही तसे क्वचितच जमले. ते लाकडी गाव मात्र पाडले गेले नाही. आज ते माल्टामधले पर्यटनस्थळ आहे.

नंतरचे दशक यंत्रांचे. १९९० च्या ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’साठी जिम हेन्सनच्या कार्यशाळेने कासवांचे पोशाख बनवले. पोशाखाच्या आत एक नट उड्या मारत असे आणि बाहेर उभा असलेला बाहुलीकार रिमोटने कासवाच्या चेहऱ्यावरचे भाव हलवत असे. मोठ्या स्टुडिओंनी पाठ फिरवलेल्या या स्वस्तातल्या चित्रपटाने जगभरात वीस कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीवर कार्टून पाहिलेली मुले आता स्वतः आईबाप झाली होती, तिकिटाचे पैसे त्यांच्याच खिशात होते. त्यांच्यासाठी १९९४ मध्ये ‘द फ्लिंटस्टोन्स’ आला. त्यात दगडी घरे आणि पायांनी ढकलायची गाडी प्रत्यक्ष बनवलेली होती, पटकथेवर मात्र तिसाहून जास्त लेखकांचे हात फिरले होते, आणि ते जाणवतेही.

पुढच्याच वर्षी ‘कॅस्पर’ने वाट बदलली. ‘ज्युरासिक पार्क’च्या डायनोसॉरवर काम केलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने हे लहानसे भूत संपूर्ण संगणकावर घडवले. चित्रपटाचे शीर्षकपात्रच संगणकनिर्मित असण्याची ही पहिली वेळ. डिस्नेने मात्र १९९६ च्या ‘१०१ डाल्मेशियन्स’मध्ये उलटा मार्ग धरला. १९६१ च्या कार्टूनमधली बोलकी कुत्री इथे मुकी झाली, आणि पिल्ले भराभर वाढत असल्याने चित्रीकरणासाठी दोनशेहून अधिक पिल्ले आळीपाळीने आणावी लागली. ग्लेन क्लोजची खलनायिका क्रुएला एकटीच चित्रपट पेलते. चित्रपट गाजला, पण त्याची झळ कुत्र्यांना बसली: मुलांच्या हट्टापायी घेतलेली डाल्मेशियन पिल्ले मोठी होताच टाकून दिली जात असल्याची तक्रार अमेरिकेतल्या प्राणिसंस्थांनी केली.

२००२ च्या ‘स्कूबी-डू’पासून संगणकाचा कुत्रा आणि त्याच्याशी रिकाम्या जागेकडे पाहत बोलणारे नट हा साचाच पडला. त्यात कुत्र्याचा सोबती शॅगी झालेल्या मॅथ्यू लिलार्डने कार्टूनमधल्या शॅगीचा आवाज इतका अचूक पकडला की पुढे कार्टूनमालिकांतही तो आवाज त्याच्याकडेच आला. नंतरच्या ‘आल्विन’ आणि ‘स्मर्फ्स’ या चित्रपटांत कार्टूनमधले प्राणी किंवा बुटके थेट आजच्या शहरात आणून सोडण्याची युक्ती वापरली गेली. ती आळशी खरी, पण तिने पैसा दिला: २०११ च्या ‘स्मर्फ्स’ची जगभरातली कमाई छप्पन्न कोटी डॉलरच्या घरात गेली.

याच काळात मराठीत अगदी वेगळा प्रयत्न झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या, १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या चित्रमालिकेवर श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ मध्ये ‘चिंटू’ चित्रपट केला आणि पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आणला. चिंटूला ना रबर लागले ना संगणकी प्राणी. कॉलनीतली पोरे आणि त्यांचे खेळाचे मैदान एवढ्यावर भागले, कारण मुळातली रेषाच माणसांची होती.

डिस्नेने मात्र आपले जुने कार्टूनपट एकेक करून पुन्हा काढायला घेतले. २०१६ चा ‘द जंगल बुक’ लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत चित्रित झाला. मोगली झालेला नील सेठी हा पडद्यावरचा जवळजवळ एकटाच खरा माणूस. भारतात हा चित्रपट अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला. हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज होता. १९९० च्या दशकातल्या दूरदर्शनवरच्या मालिकेतही तो त्यांचाच होता.

तीन वर्षांनी आलेल्या ‘द लायन किंग’मध्ये तो एकटा माणूसही उरला नाही. दिग्दर्शक जॉन फॅवरो याच्या सांगण्यानुसार सुरुवातीच्या सूर्योदयाचे एकच दृश्य कॅमेऱ्याने टिपलेले आहे. बाकी सारे संगणकावर घडले. जाहिरातीत त्याला खुद्द डिस्नेने ॲनिमेशन म्हटले नाही, तरी गोल्डन ग्लोबचे नामांकन त्याला मिळाले ते सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या गटात.