अक्षहृदय कोणाकडे?

चिखलदऱ्यात येऊन व्हिडिओ गेमवर बोलायचं, याचं काहींना हसू आलं असेल. पण या विषयाला याहून योग्य गाव आम्हाला तरी सुचत नाही. इथली परंपरा सांगते की भीमानं कीचकाला मारून याच दरीत फेकलं आणि कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला. इतिहासकार विराटनगर राजस्थानातल्या बैराटला मानतात. तो वाद आज बाजूला ठेवू. आपल्याला हवा आहे तो विराटाच्या दरबारातला दुसरा पांडव. कंक हे नाव घेऊन राजाशी फासे खेळणारा युधिष्ठिर.

द्यूतात राज्य घालवलेला माणूस पुन्हा फाशांना हात लावतो, तो कोणत्या भरवशावर? उत्तर वनपर्वात आहे. बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. नळही असाच हरलेला. ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन तो दमयंतीच्या माहेरी, कुंडिनपुराला निघतो. हे कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, असं आपण मानतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेनं त्याची पानं-फळं मोजतो. नळ रथ थांबवून पडताळतो, तर आकडा बरोबर! मग अश्वविद्या देऊन तो त्या बदल्यात ही विद्या घेतो. तिचं नाव अक्षहृदय. पुढे बृहदश्व तीच युधिष्ठिराला देतात. आणि झाड बेहड्याचंच का? कारण त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचे असत. मेळघाटात हे झाड आजही जागोजागी दिसतं.

आता यंत्राकडे येऊ. 1980 साली जपानमध्ये तोरु इवातानी यांनी पॅक-मॅन केला. त्यात चार भुतं मागे लागतात. एक सरळ पाठलाग करतं, एक पुढची वाट अडवायला बघतं, एक जवळ येऊन मागे फिरतं. नियम ठरलेले होते. पोरं खेळून खेळून ते ओळखत आणि भुतांना चकवत. म्हणजे अक्षहृदय खेळणाऱ्याला कमावता येत होतं.

2016 मध्ये अल्फागोनं गो या खेळात ली सेडोलला 4-1 असं हरवलं. 2019 मध्ये अल्फास्टार स्टारक्राफ्ट-2 मध्ये सर्वोच्च श्रेणीला पोहोचला. ही यंत्रं सराव करून शिकलेली. त्यांची एकेक खेळी का, हे करणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. तरीही ते प्रतिस्पर्धी म्हणून समोर बसलेले होते. हरलो तर कोणाशी हरलो, हे कळत होतं.

काळजीची पायरी त्यापुढची आहे. 2017 साली ॲक्टिव्हिजन या अमेरिकन कंपनीला एक पेटंट मिळालं. खेळाडूंच्या जोड्या अशा जुळवायच्या की त्यांना खेळातल्या वस्तू विकत घ्याव्याशा वाटतील, अशी ती रीत. आपण ती वापरली नाही, असं कंपनीनं सांगितलं. पण कल्पना बघा. इथं यंत्र फासे वाचत नाही, खेळणाऱ्याला वाचतं. तो केव्हा कंटाळेल, केव्हा चिडेल, केव्हा खिशात हात घालेल. उद्या खेळातली पात्रं त्याच्याशी गोड बोलू लागतील, तेव्हा हे वाचन आणखी सोपं होईल.

2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. शकुनीचा पट त्यानं उचलला, हे चांगलंच झालं. पण पणाला पैसा नसला तरी पोराचे तास आणि त्याचं लक्ष लागलेलंच असतं. त्याला हा कायदा पुरत नाही.

खेळ वाईट, असं आम्ही म्हणत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 मध्ये आपल्या पुराणकथांवरून 'राजी' हा खेळ केला. म्हणजे खेळ करणारे हात आपल्याकडेही आहेत. त्यांच्याकडे आपलं मागणं एवढंच असावं: यंत्र कितीही बलवान करा, पण ते खेळणाऱ्याबद्दल काय टिपून ठेवतं आणि त्याचं काय करतं, हे त्याला आधी सांगा. ऋतुपर्णानं आपली विद्या नळाला दिली, म्हणून नळाला पुढचा डाव बरोबरीनं खेळता आला. आपल्या नातवंडांना तेवढं तरी मिळायला हवं.