क्ष-किरण सीसीडी चिपची चाचणी

क्ष-किरण सीसीडी चिपची चाचणी म्हणजे क्ष-किरणांची प्रतिमा टिपणाऱ्या सिलिकॉन चिपची संवेदनक्षमता, अचूकता व टिकाऊपणा मोजण्याची प्रक्रिया होय. अवकाशातील दुर्बिणींवरील चिप प्रक्षेपणानंतर सहसा बदलता येत नसल्याने त्यांची चाचणी प्रक्षेपणापूर्वी प्रयोगशाळेत व नंतर कक्षेतही केली जाते.

तत्त्व

सिलिकॉनमध्ये क्ष-किरण फोटॉन शोषला गेला की त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन मुक्त होतात. एका इलेक्ट्रॉनमागे सरासरी सुमारे ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्च होते. चाचणीसाठी बहुधा लोह-५५ हे किरणोत्सारी समस्थानिक वापरतात. त्याच्या ऱ्हासातून मँगनीजचे ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण मिळतात. अशा एका फोटॉनपासून सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन निर्माण होतात. अपेक्षित व प्रत्यक्ष संकेतांच्या तुलनेतून चिपचे गुणदोष कळतात.

निकष

* क्वांटम कार्यक्षमता : येणाऱ्या फोटॉनांपैकी किती नोंदले जातात याचे प्रमाण.
* ऊर्जा-विभेदनक्षमता : वर्णपटातील रेषेची रुंदी. ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे १२० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे.
* वाचन-गोंगाट व अंधार-प्रवाह : किरण येत नसतानाही उमटणारा संकेत. चिप थंड केल्यास अंधार-प्रवाह घटतो.
* प्रभार-स्थलांतरातील तूट : एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना मागे राहणारा प्रभार. दर टप्प्याला दहा हजारांत एक भाग मागे राहिला, तरी १,०२४ ओळी पार करताना सुमारे १० टक्के प्रभार गमावला जातो.

चंद्रा वेधशाळेतील अनुभव

भारतीय वंशाचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली चंद्रा क्ष-किरण वेधशाळा २३ जुलै १९९९ रोजी प्रक्षेपित झाली. तिच्या 'एसिस' उपकरणात १० सीसीडी चिप असून प्रत्येकीत १,०२४ × १,०२४ चित्रबिंदू आहेत. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन दुर्बिणीच्या आरशांवरून परावर्तित होऊन चिपवर पडले. समोरून प्रकाशित होणाऱ्या ८ चिपमधील प्रभार-स्थलांतर त्यामुळे बिघडले व ऊर्जा-विभेदनक्षमता खालावली. मागून प्रकाशित होणाऱ्या २ चिपमध्ये प्रभारवाहक थर खोलवर असल्याने तेथवर हे प्रोटॉन पोहोचले नाहीत, त्या बचावल्या.

हा बिघाड यानावरील लोह-५५ स्रोताच्या मोजमापांतून उघड झाला. त्यानंतर प्रारण-पट्ट्यांतून जाताना एसिस नाभिस्थानातून बाजूला हलविण्याची पद्धत सुरू झाली आणि जानेवारी २००० पासून चिपचे तापमान उणे १२० अंश सेल्सिअसपर्यंत खाली आणण्यात आले. गमावलेल्या प्रभाराचा अंदाज घेऊन निरीक्षणांत संगणकीय दुरुस्तीही केली जाते.

लोह-५५ चे अर्धायुष्य सुमारे २.७ वर्षे असल्याने यानावरील स्रोत कालांतराने क्षीण होत गेला. अशा दीर्घ मोहिमांत ज्ञात खगोलीय स्रोतांची वारंवार निरीक्षणे घेऊनही चिपची कामगिरी तपासली जाते.