रोगराई, दाखला आणि परमुलखातली रोजी

१८९७ साली फेब्रुवारीच्या ४ तारखेस हिंदुस्थान सरकारने एक कायदा केला. तो इतका लहान आहे की, समोरचा चहा निवण्यापूर्वी वाचून होतो. साथ पसरण्याची भीती वाटल्यास आगगाडीने वा अन्य रीतीने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, संशयितांना इस्पितळात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवावे, बंदरावर जहाजे आणि जहाजांत बसू पाहणारी माणसे अडवून ठेवावीत, असे अधिकार त्याने सरकारला दिले. आणि शेवटच्या कलमात सांगून टाकले की, सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही.

कामगार चळवळीत ज्याची उमर गेली त्याला कायदा वाचताना एक खोड जडते. जे लिहिलेले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते तो आधी शोधतो. या कायद्यात माणूस अडकवण्याची तरतूद आहे. पण अडकलेल्या माणसाच्या बुडालेल्या रोजाचे काय, हा प्रश्न त्यात नाही. एकशेतेवीस वर्षांहून अधिक काळ गेला तरी तो प्रश्न तसाच उभा आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील माणसांनी तो २०२० आणि २०२१ साली फार जवळून पाहिला, म्हणून आज हा विषय निवडला.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘क्वारंटाइन’ हा शब्द इटलीतला; त्याच्या मुळाशी ‘चाळीस’ हा आकडा आहे. आजच्या क्रोएशियातील रागुझा या बंदराने १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतून हा शब्द जगभर गेला. म्हणजे ही युक्ती व्यापारी बंदरांची. माल वाचवायचा, शहर वाचवायचे, आणि व्यापारही फार बुडू द्यायचा नाही, असा तो तिहेरी हिशेब होता. त्या हिशेबात जहाजावरच्या खलाशाची मजुरी कोठे बसते, हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

आपल्या देशातून मजूर परदेशी जाऊ लागले तेव्हा हा हिशेब त्यांच्या वाट्याला आला. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला उतरले. त्यांतले काही मुंबई बंदरातून गेले, आणि त्यांच्यातील मराठी घरांचे वंशज आजही त्या बेटावर गणेशोत्सव करतात. १८५६ च्या आरंभी कलकत्त्याहून मजूर घेऊन गेलेली दोन जहाजे पटकीच्या संशयावरून तिथे रोखण्यात आली. माणसांना गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरवले. निवारा अपुरा, अन्नपाणी अपुरे, त्यात वादळी पावसाचे दिवस. शेकडो माणसे तेथेच मेली. बोभाटा इतका झाला की, हिंदुस्थान सरकारला त्याच वर्षी मॉरिशसला मजूर धाडणे काही काळ थांबवावे लागले. विलगीकरण हे औषध खरे. पण ज्याला वेगळे ठेवले त्याच्या पोटाची सोय केली नाही, तर त्या औषधाचेच विष होते. हा धडा तेव्हाचा आहे.

पुढे १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला. डॉक्टर व्हिएगस यांनी तो ओळखला. जगातल्या बंदरांना धडकी भरली. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपातील राष्ट्रांची खास परिषद व्हेनिसला भरली, ती मुंबईच्या या प्लेगपायी. ज्या कायद्याने आम्ही आरंभ केला तो त्याच धामधुमीतला. पुण्यात त्या अधिकारांचा वापर कसा झाला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, हे पुणे जिल्ह्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको.

परंतु त्याच जानेवारीत मुंबईत दुसरीही एक गोष्ट घडली होती. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचे नाव चालवते. लस आली आणि तिच्यापाठोपाठ लस टोचल्याचा दाखलाही आला. दाखला जवळ असेल त्याला काही निर्बंधांतून सूट मिळू लागली. म्हणजे रोगाशी लढण्याच्या साधनाचा प्रवासाचा परवानाही झाला. आमच्या मते आजच्या साऱ्या घोळाची मुळी येथे आहे. लस शरीरासाठी असते, दाखला पहारेकऱ्यासाठी असतो. आणि या दोहोंचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही.

आपल्या भागातील साखर कामगारांना हा दाखला करोनाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. नीरेच्या कालव्याने ऊस आणला, उसाने कारखाने आणले, आणि कारखान्यांनी कारागीर घडवले. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथे हात बसलेला पॅनमन, फिटर किंवा वेल्डर गाळप संपल्यावर रिटेन्शनच्या अर्ध्यामुर्ध्या पगारावर बसून राहण्यापेक्षा आफ्रिकेची वाट धरतो. युगांडातील लुगाझी आणि ककिरा येथले कारखाने हिंदी माणसांनीच उभारलेले. तिकडे जाणकार हाताला मागणी असते. पण जाणाऱ्याला पीतज्वराची लस टोचून पिवळे कार्ड घ्यावे लागते. टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होते. पूर्वी ते दहा वर्षे चाले. जुलै २०१६ पासून जन्मभर चालते. हे कार्ड नसताना तिकडून परतणाऱ्याला आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत अडवून ठेवते. हा जुलूम नव्हे. पीतज्वर पसरवणारा डास आपल्याकडे घरोघर आहे, रोग मात्र अजून नाही. तो येऊ नये म्हणून हा पहारा आहे. आमच्या माहितीतल्या एका पॅनमनचे कार्ड मागे खोलीवरच्या पेटीत राहिले आणि त्याने मुंबईत असे दिवस काढले. घरी आल्यावर त्याने कार्डाला प्लॅस्टिकचे कव्हर घातले आणि ते पासपोर्टला दोऱ्याने बांधले. नियमाचे कारण समजले की माणूस कुरकुर करीत नाही, हे त्याच्याकडून शिकावे.

आता २०२० कडे येऊ. १३ मार्च रोजी महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. परदेशाहून येऊन घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के उमटले. मार्चच्या चौथ्या आठवड्यात परदेशी विमाने बंद झाली, २५ तारखेपासून सारा देश बंद झाला. २९ मार्चला केंद्र सरकारने हुकूम काढला की, टाळेबंदीच्या काळातले वेतन मालकांनी न कापता द्यावे. आमच्यासारख्यांना वाटले, १८९७ चा राहिलेला शब्द एकदाचा लिहिला गेला. तो हुकूम मे महिन्यात मागे घेतला गेला. आणि परदेशात काम करणाऱ्यांना तर तो कधी लागूच नव्हता.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. आपल्याकडे मुख्यतः दोन लशी आल्या. कोविशील्ड ही सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना लागणाऱ्या मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली. कोव्हॅक्सिन हैदराबादची, पण तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला. म्हणजे दोन्ही लशींचे गोत्र पुण्याशी जुळते. गावच्या माणसाला त्यांत फरक ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

इंदापूर तालुक्यातील दोन चुलतभाऊ आमच्या संघटनेच्या कचेरीत येत. दोघेही अबुधाबीत एकाच मालकाकडे. थोरला पाइप फिटर, धाकटा वेल्डर. २०२१ च्या वसंतात रजेवर आले आणि एप्रिलच्या २४ तारखेच्या रात्रीपासून अमिरातीने हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रवाशांना दार लावले. जूनअखेर तिशीतल्या लोकांना लस मिळू लागली तेव्हा दोघांनी ती घेतली, पण वेगवेगळ्या दिवशी. थोरल्याच्या दिवशी केंद्रावर कोविशील्ड आली होती, धाकट्याच्या दिवशी कोव्हॅक्सिन. त्या दिवशी जी कुपी आली ती दंडात गेली. निवड म्हणावी अशी एवढीच.

आरंभी धाकटा हसत होता. त्याच्या लशीचा दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनी, थोरल्याला मात्र मे महिन्यातल्या नव्या नियमाने चौऱ्याऐंशी दिवसांची वाट. तितके दिवस धरले तर दुसरा डोस सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्यावर आणखी चौदा दिवस. आणि मालकाने कळवले होते की, सप्टेंबरअखेर हजर नसाल तर जागा भरली जाईल. येथे केंद्र सरकारचे ७ जूनचे परिपत्रक कामी आले. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा टोकियोच्या ऑलिंपिकसाठी परदेशी जाणाऱ्यांना ३१ ऑगस्टपर्यंत कोविशील्डचा दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनंतर घेता येईल आणि दाखल्यावर पासपोर्टचा क्रमांक घालावा, असे त्यात होते. पहिल्या केंद्रावर नकार मिळाला; असा काही कागद आमच्याकडे नाही, असे उत्तर आले. मग आम्ही परिपत्रकाची छापील प्रत, व्हिसा आणि मालकाचे पत्र एकत्र टाचून दिले. दुसऱ्या खेपेस काम झाले. ऑलिंपिकचा खेळाडू आणि इंदापूरचा फिटर एकाच परिच्छेदात बसले, याचा आम्हाला त्या दिवशी फार आनंद झाला.

१२ सप्टेंबरपासून अमिरातीने दार किलकिले केले. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लशीचे दोन्ही डोस घेतलेल्या रहिवाशांना येता येईल, अशी अट होती. कोविशील्ड फेब्रुवारीतच त्या यादीत आली होती. थोरला मुंबईला गेला, विमान सुटण्याआधी विमानतळावर काही हजार रुपये भरून आणखी एक तपासणी करून घेतली, आणि रुजू झाला. धाकट्याचे दोन्ही डोस त्याच्या आधी झाले होते, शरीर तितकेच सुरक्षित होते. पण कोव्हॅक्सिनचे नाव यादीत नव्हते. एक दलाल भेटला. तिसऱ्या देशात चौदा दिवस राहून मग आत शिरता येईल, असे त्याने सांगितले आणि लाखाच्या वर रक्कम मागितली. घरात डाग गहाण टाकण्याची बोलणी झाली. आम्ही त्यांना आवरले. कोव्हॅक्सिनला ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मान्यता मिळाली. तोवर धाकट्याची जागा गेली होती.

असे अडकलेले हजारो होते. सौदीत काम करणाऱ्या एका मजुराने याच कारणासाठी केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. साहेबी देशांनीही घोळ कमी घातला नाही. इंग्लंडने सप्टेंबरमध्ये कोविशील्ड मान्य केली, पण आपल्या दाखल्याला नकार दिला; आपल्या दाखल्यावर पुरी जन्मतारीख नसे, हे त्यांतले एक कारण सांगितले गेले. आपल्या सरकारने ४ ऑक्टोबरपासून इंग्रज प्रवाशांना दहा दिवसांचे विलगीकरण लावले, तेव्हा ११ ऑक्टोबरला तिकडची अट उठली. सरकार सरकाराशी अडून बसू शकते. धाकट्या वेल्डरजवळ अडून बसण्यासारखे काय होते?

कोणी म्हणेल, मग नियमच नकोत काय? आम्ही असे म्हणत नाही. साथीत माणसे पटापट मरताना या दोन तालुक्यांनी पाहिली आहेत. गाव वाचवण्यासाठी पहारा लागतो, लसही लागते. आमचे म्हणणे एवढेच की, पहारा साऱ्यांच्या भल्यासाठी असेल तर त्याचा खर्च एकट्या अडवलेल्याने का सोसावा? विलगीकरणाच्या दिवसांचे भाडे आणि त्या दिवसांचा पगार कोणी द्यायचा, हे नोकरीच्या करारपत्रात लिहिलेले असावे. साथीमुळे परतायला उशीर झाला तर जागा किती दिवस राखली जाईल, हेही लिहिलेले असावे. आणि सरकारने लस देताना, परदेशी जाणाऱ्याला तिकडे कोणती चालते हे आधी सांगावे. या तीन गोष्टींना नवे शास्त्र लागत नाही. कागद आणि इच्छा लागते.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. पण ती येईल तेव्हा आपल्या माणसाच्या खिशात कोणता कागद असावा, हे आजच ठरवता येण्यासारखे आहे. धाकटा वेल्डर आता तालुक्यातच एका कारखान्यावर हंगामी आहे. गेल्या दिवाळीत तो कचेरीत आला आणि दाखला दाखवला. घडी घालून घालून मधोमध फाटला आहे. म्हणाला, “साहेब, आता हा सगळीकडे चालतो. फक्त जायला जागा नाही.”