मौजे केरी, महाल पेडणे

तेरेखोल नदीच्या मुखाशी, पैलतीरावरच्या किल्ल्याकडे पाहत वसलेल्या केरीचा पत्ता सांगताना नुसते ‘केरी’ म्हणून भागत नाही. कारण चोर्ला घाटाच्या पायथ्याशी सत्तरीत दुसरी केरी आहे, विजयादुर्गेच्या देवालयामुळे भाविकांस परिचित अशी तिसरी फोंड्यात आहे, आणि १७८८ साली पेडणे पोर्तुगीज अमलात गेल्यावर त्या तिन्ही एकाच सरकारच्या दफ्तरात येऊन बसल्या. मराठी कारकुनास हा पेच नवा नव्हता. ‘मौजे’ म्हणून गाव आणि ‘तर्फ’ वा ‘महाल’ म्हणून त्याचा मुलूख, अशी दुपदरी ओळख लिहिण्याची त्याची वहिवाटच होती.

शब्दांच्या बाबतीत हीच शिस्त शिवकालीन ‘राजव्यवहारकोशा’त दिसते. ज्या महाराजांनी डिचोली महालातील नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा १६६८ मध्ये जीर्णोद्धार करविला, त्यांच्याच आज्ञेने सिद्ध झालेल्या या ग्रंथात, दरबारी व्यवहारात रुळलेल्या सुमारे १३८० यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजलेले असून, ते एकाच रांगेत न मांडता राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत लावलेले आहेत.

पायथन शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढे ‘डिक्शनरी’ म्हणून जे येते ते याच कुळातले: डावीकडे ‘की’, उजवीकडे ‘व्हॅल्यू’. मुजुमदार, डबीर, सुरनीस ही यादी घेऊन, कोशात पाहून प्रतिशब्द देणारे फंक्शन ‘मॅप’च्या साहाय्याने तिच्यावर चालविले, की तोच एक नियम प्रत्येक नावास लागू होऊन अमात्य, सुमंत, सचिव अशी तितकीच नावे त्याच क्रमाने हाती येतात. परंतु एका कीला एकच जागा, हा या कोशाचा निर्दय कायदा नवशिक्यास बहुधा ठेच लागल्यावरच कळतो. ‘केरी’पुढे त्याने प्रथम पेडणे, मग सत्तरी, मग फोंडा असे लिहिले, तर यंत्र तक्रारीचा चकार शब्द न काढता पहिल्या दोघांस पुसते आणि फोंडा तेवढा शिल्लक ठेवते; गाव बुडाल्याची वर्दीही कोणास मिळत नाही.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही जुनेच: राजव्यवहारकोशाप्रमाणे वर्ग पाडून प्रत्येक महालाचा कोश वेगळा राखावा, नाही तर महाल व मौजा यांची जोडी हीच की करावी. दुसरा मार्ग पत्करणारा विद्यार्थी पडद्यावर जे टंकतो, ते बोरूने लिहिणाऱ्या त्या कारकुनाने पाहिले असते, तर त्यास फक्त ‘मौजे’ हा शब्द गाळलेला खटकला असता.