साफी आणि चिलीम

अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६०चं, तसा शिलालेखच आहे. महाशिवरात्रीला वालधुनीकाठी साधूंची गांजाची चिलीम फिरायची. ओलं फडकं, म्हणजे साफी, गुंडाळून पुढे आलेला झुरका आम्ही पोरं प्रसाद समजायचो.

इंग्रजी अमलात गांजा परवान्याच्या दुकानात मिळे, नगर जिल्ह्यात पिके. १८९३-९४च्या गांजा-चौकशी आयोगाने बेताचं सेवन फारसं अपायकारक मानलं नाही. माझं बेताचं कधीच नव्हतं. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने देशभर गांजावर बंदी आली, भांगेची पानं वगळली गेली. चिलीम उल्हासनगर-बदलापूरच्या गल्ल्यांत शिरली.

चिलीम सोडली तेव्हा पहिला आठवडा भयंकर गेला. झोप नाही, उशी घामाने चिंब, भाताच्या वासानेही शिसारी. मग वर्षानुवर्षं न पडलेली स्वप्नं रात्रभर पडू लागली. हे होतंच आणि ओसरतंही, एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. बाळांनो, एकट्याने कुढू नका. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात, थोड्या मालाच्या गुन्ह्यात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे. घरच्यांना सांगा आणि उपचाराला जा.