पडत्या भिंतीचं घराणं

वादळात दुमजली घराची दर्शनी भिंत सुटते आणि पुढ्यात उभ्या माणसावर सपाट कोसळते. तो तसूभरही हलत नाही. माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्या अंगावरून उतरते, म्हणून वाचतो. १९२८च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ या मूकपटातला हा विनोदवीर बस्टर कीटन. पण ही भिंत पडायची ती पहिली वेळ नव्हती.

मूळ भिंत नाटकाच्या देखाव्यातली. १९१९च्या ‘बॅक स्टेज’मध्ये ती धिप्पाड विनोदी नट रॉस्को आर्बकलवर पडते. कीटन तेव्हा आर्बकलच्या चित्रपटांत काम करत शिकत होता. पडणं-आपटणं मात्र तो पोरवयातच शिकला होता, कारण रंगमंचावर बापच त्याला उचलून फेकायचा. पुढच्याच वर्षी, एडी क्लाइनसह दिग्दर्शन करताना, त्याने ‘वन वीक’मध्ये ती भिंत स्वतःवर घेतली. नवं जोडपं सुट्या भागांचं घर जोडतंय आणि खोक्यांवरचे आकडे कुणीतरी मुद्दाम बदललेत! हसू येतं, धडकी मात्र भरत नाही.

ती भरली तिसऱ्या खेपेला. ‘स्टीमबोट बिल’साठी सॅक्रामेंटोच्या नदीकाठी नगर उभारलं होतं. कथेत आधी पूर होता. पण १९२७ साली मिसिसिपीच्या महापुराने हाहाकार माजवल्यावर पुरावर विनोद कसा करणार? मग चक्रीवादळ आलं. कीटनने नंतर सांगितलेली कृती अशी: भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या देहाभोवती खिडकी बेतली. डोकं, खांदे, टाचा, सगळीकडे मोकळीक अवघी दोन इंच. टाचांच्या जागी मोठे खिळे ठोकले आणि तळाशी पक्क्या बिजागऱ्या बसवून भिंत उभी केली. वारा विमानाच्या इंजिनांचा. तो पडत्या भिंतीला लागू द्यायचा नव्हता, नाहीतर ती पिळवटून भलतीकडे पडली असती. प्रसंग एकाच टेकमध्ये चित्रित झाला. दुसरा घेणार तरी कोण?

१९२८ सालीच कीटन एमजीएम स्टुडिओच्या नोकरीत गेला आणि हळूहळू सगळी सूत्रं त्याच्या हातून गेली. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक असं तो स्वतःच तिला म्हणे. भिंत मात्र पडतच राहिली: १९८७ साली जॅकी चॅनवर, १९९७ साली ‘डेडपॅन’मध्ये कलावंत-दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीनवर.

पाहायचंच असेल तर आधी ‘वन वीक’ पाहा, मग ‘स्टीमबोट’. उलट क्रमाने पाहिलंत, तर ‘वन वीक’मधली भिंत उगाच हलकी वाटेल.