किल्ला कुणाचा?

राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीची वाट पाहत उभे असताना नववीतल्या एका मुलाने विचारले, ''सर, ये किला अपना है या उनका?'' आम्ही शिक्षक एकमेकांकडे पाहू लागलो. उर्दू माध्यमाची शाळा, सहलीची मुले आणि समोर समुद्रात जंजिरा. ''बाद में बताएँगे'' म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण तो प्रश्न दिवसभर आमच्याबरोबर होडीत बसला आणि पायीही चालला.

होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. दिसतो तो काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर साचले. कोकणचा हा किनारा, त्यातली ही बेटे त्याच थरांची. तटाचे चिरेही त्याच जातीचे. 'जंजिरा' हे नाव अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेट. बेट मात्र अरबांचे नव्हे, कोळ्यांचे. चाच्यांपासून बचावासाठी त्यांनी इथे लाकडी मेढेकोट उभारला. राम पाटील हे त्यांच्या नाईकाचे नाव परंपरेने जपले आहे. पुढे निजामशाहीने तो घेतला आणि सोळाव्या शतकात तिथे दगडी कोट चढू लागला.

मग आले सिद्दी. कुठून? हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने. यांतले कितीतरी गुलाम म्हणून विकले गेलेले. मलिक अंबरही असाच विकला गेला होता. तो निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी शहर वसवले आणि १६२६ साली तो वारला. बाजारात किंमत लागलेली माणसे तलवारीच्या जोरावर दर्याची मालक झाली, हे आमच्या मुलांना आम्ही कधी नीट सांगितलेच नव्हते. दरवाजावरच्या शिल्पात पंजांत हत्ती दाबून धरलेला वाघासारखा प्राणी आहे. मुले त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

आत गोड्या पाण्याचे तलाव, पडके वाडे आणि बुरुजावर 'कलाल बांगडी' तोफ. तिथे सावलीला बसून आम्ही मुलांना वेढ्यांचा इतिहास सांगितला. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. १६७०च्या सुमारास किल्ला आदिलशाहीच्या फत्तेखानाकडे होता. तो महाराजांशी तह करून किल्ला द्यायला तयार झाला होता. पण सिद्दी संबळ, कासीम आणि खैरियत यांनी त्यालाच कैद केले आणि ते मोगलांना मिळाले. संभाजी महाराजांनी १६८२ साली खाडी भरून सेतू बांधायला घेतला. तेवढ्यात मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि काम अर्धे राहिले.

आता जरा बारकाईने पाहा. १६७९-८०मध्ये खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात लढाई जुंपली. एका बाजूला सिद्दी कासीम, दुसऱ्या बाजूला मराठी आरमार. त्या आरमाराचा सरदार कोण? दौलतखान! पाठ्यपुस्तकातला एका ओळीचा इतिहास इथे तोकडा पडतो. दर्यावरचे भांडण बंदरांचे होते, जकातीचे होते, सत्तेचे होते. धर्माची निशाणे त्याच्यावर पुष्कळशी नंतर चढवली गेली, आणि चढवणारे दोन्हीकडचे होते.

दुपारी होडीने परत येऊन आम्ही खोकरीपर्यंत पायी गेलो. तिथे तीन घुमट आहेत. सर्वांत मोठा सिरुलखानाचा, दुसरे दोन कासीम ऊर्फ याकूतखान आणि खैरियतखान यांचे. मुलांनी फातेहा पढला. दगडी जाळ्यांतून उन्हाचे कवडसे कबरींवर पडले होते. आफ्रिकेत मूळ असलेली ही माणसे कोकणच्या मातीत झोपली आहेत. त्यांचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, आणि त्याबरोबर नवाबीही संपली.

संध्याकाळी मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. दूर पाण्यात महाराजांचा पद्मदुर्ग दिसत होता. एकमेकांवर नजर ठेवणारे दोन किल्ले, आणि दोघांच्या पायाशी तोच काळा कातळ. तो मुलगा शेजारी येऊन बसला. आम्ही त्यालाच विचारले, ''अब तू बता, उनका यानी किसका?'' तो गप्प राहिला. कोळी, निजामशाही, हबशी, मोगल, मराठे... बोटांवर मोजता मोजता तो थांबला.

''सर, दौलतखान किसका था?''

उत्तर आमच्या तोंडावर आले होते, पण आम्ही ते गिळले. सोमवारी वर्गात याच प्रश्नापासून सुरुवात करायची, असे ठरवून आम्ही बसकडे निघालो.